‘गादमाशी प्रतिकारक’ लिहिलेली धानाची थैली : पाच वाणं एकाच बांधीत लावून पाहिली

थैलीचं नाव लिहित नाही, कंपनीचं पण नाही अन् दुकानाचं पण नाही, मला भांडण करायचं नाही, मला धानाबद्दल बोलायचं आहे. पण रिव्ह्यू त्याच थैलीचा आहे. दहा किलोची थैली, समोर भरलेल्या लोंबीचा फोटो, अन् फोटोखाली मोठ्या लाल अक्षरात "गादमाशी प्रतिकारक". ह्या दोन शब्दांसाठी मी साध्या बियाण्यापेक्षा थैलीमागे तीनशे रुपये जास्त मोजले होते, अन् माझ्या शब्दावर गावातल्या आणखी चार घरांनी मोजले. त्या चार घरांसाठीच हे सगळं लिहितो आहे.

आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातले, पावणेतीन एकर धान, अर्ध्याला मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी आणि अर्धं आभाळाच्या भरवशावर. ज्यांच्याकडे धान नाही त्यांना गाद म्हणजे काय ते सांगतो. डासाएवढी माशी असते, मादीचं पोट लालबुंद, दिवसा दिसत नाही, रात्री बल्बापाशी येते. ती धानाच्या पातीवर अंडी घालते, तीन-चार दिवसात अळी निघते, पानावरच्या ओलाव्यातून सरकत सरकत खाली जाते अन् फुटव्याच्या अगदी बुडाशी, जिथून नवा कोंब फुटतो तिथे जाऊन बसते. मग त्या फुटव्याला पान येतच नाही, पानाऐवजी पोकळ नळी येते, पांढुरकी, चंदेरी, हुबेहूब कांद्याच्या पातीसारखी. पुस्तकात त्याला चंदेरी पोंगा म्हणतात, आम्ही गाद लागली म्हणतो. अन् ज्या फुटव्याची नळी झाली त्याला लोंब कधीच येत नाही, तो गेला. खत टाका, पाणी द्या, काही करा, तो परत येत नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट अशी की पोंगा आपल्या डोळ्याला दिसतो तेव्हा आतल्या किड्याचं काम संपलेलं असतं. बऱ्याच पोंग्यांच्या शेंड्याजवळ बारीक भोक असतं अन् त्या भोकातून कोषाची रिकामी साल अर्धी बाहेर लटकलेली असते, माशी केव्हाच उडून गेलेली. म्हणजे पोंगा दिसल्यावर दुकानात धावत जाऊन जे दाणेदार औषध आपण आणतो ते त्या पोंग्यासाठी नसतंच, ते पुढच्या पिढीसाठी असतं, अन् तोवर पंधरा-वीस दिवसात ती पुढची पिढी पण तयार होते. म्हणून वाणच असं पाहिजे ज्यात अळी जगणार नाही. औषधावर भरवसा ठेवून ह्या किडीशी पुरं पडत नाही, हे मी माझ्या वडिलांच्या वेळेपासून पाहतो आहे, तेव्हा फोरेट नावाचं दाणेदार औषध हाताने फेकायचे, आता तर ते 2020 च्या शेवटापासून वापरायलाच बंदी आहे, अन् बरंच झालं.

तर 2022 च्या खरिपात मी ही थैली पहिल्यांदा आणली. एक एकर लावलं. एक पण पोंगा दिसला नाही. मी इतका खुश झालो की चावडीवर, पानठेल्यावर, लग्नात, जिथे धानाचा विषय निघाला तिथे ह्या थैलीचं नाव सांगत सुटलो, गाद येतच नाही म्हणून छातीठोक सांगितलं. 2023 ला चार घरांनी तीच थैली नेली. आणि श्रावणात झड लागली, आठ दिवस ऊन नाही, नुसती भुरभुर, अन् गाद आली.

आमच्या शेजारच्या वहिनी, दादा नागपूरला कामाला असतात म्हणून शेती त्याच पाहतात, त्या दीड एकराच्या बांधीतून, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या वावरातून, मूठभर पोंगे उपटून थेट आमच्या अंगणात आल्या. रागावल्या पण नाहीत. मूठ उघडून म्हणाल्या, "भाऊजी, हे कांद्याची पात आहे का जी? धान तं नोहे." मला काय बोलावं कळलं नाही. त्यांच्या बांधीत त्या वर्षी शेजारच्या साध्या धानाइतकीच गाद होती.

दुकानात आम्ही पाचही जण गेलो. तिथे सांगितलं की मौसमच तसा होता, कंपनीचा काही दोष नाही, अन् प्रत्येकाला दाणेदार औषधाची एकेक बॅग दिली, फुकट नाही, पैसे घेऊन.

घरी येऊन मी थैलीचा टॅग काढून पाहिला, सांभाळून ठेवला होता. हिरवा टॅग. हे सगळ्यांनी नीट वाचा, मला पण आधी माहीत नव्हतं. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, पायाभूतला पांढरा, अन् हिरवा टॅग म्हणजे सत्यतादर्शक, कंपनी स्वतःच लिहून देते की आत हे हे आहे. आणि टॅग निळा असो का हिरवा, त्यावर काय असतं? उगवण किती, धानाला कमीत कमी 80 टक्के पाहिजे, शुद्धता किती, ओलावा किती, लॉट नंबर, तपासणीची तारीख. किडीबद्दल टॅगवर एक अक्षर नसतं. "गादमाशी प्रतिकारक" हे थैलीवर छापलेलं होतं, टॅगवर नव्हतं. उगवणीची हमी टॅग देतो, गादीची हमी नुसता छापखाना देतो. हा फरक मला आधी कोणी सांगितला असता तर चार घरं वाचली असती.

मग मी साकोलीच्या कृषी संशोधन केंद्रात गेलो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं केंद्र आहे, गादमाशीसाठी धानाच्या वाणांची तपासणी तिथे होते, आपल्याच तालुक्यात आहे अन् आपण बाजूने गाडी घेऊन जातो. तिथल्या साहेबांनी बसवून समजावून सांगितलं. ते लोक वाण तपासताना मुद्दाम उशिरा रोवतात, म्हणजे पीक लहान असताना माशीचा जोर सापडतो, अन् तपासायच्या वाणांच्या मधे मधे एक असं वाण लावतात ज्याला गाद हमखास लागते. देशभर त्यासाठी तायचुंग नेटिव्ह वन नावाचं जुनं बुटकं वाण वापरतात. त्या कच्च्या वाणाला गाद लागली तरच बाकीच्यांची परीक्षा झाली असं धरतात. त्यालाच लागली नाही तर त्या वर्षीचा आकडा बाद.

हे ऐकलं अन् माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. 2022 ला माझ्या बांधीत गाद आली नाही कारण मी रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, जुलैच्या पहिल्या आठवड्यातच उरकला होता, पाणी तलावाचं होतं, माशीचा जोर येईपर्यंत धान पोटरीकडे निघालं होतं, अन् एकदा पोटात लोंब धरली की गाद लागत नाही. थैलीने काहीच केलं नव्हतं. बाजूला साधं धान असतं तर त्यालाही लागली नसती. पण बाजूला काही नव्हतंच, म्हणून मी सगळं श्रेय थैलीला दिलं.

म्हणून 2024 च्या खरिपात मी दहा गुंठ्याची एक बांधी नुसती ह्याच कामाला सोडली. घरच्यांनी विचारलं कशाला, मी म्हटलं एकदा डोळ्याने पाहू द्या. पाच वाणं घेतली. पहिलं ही थैली. दुसरं जया, जुनं वाण, 1968 पासूनचं, ह्याला गाद लागते हे सगळ्यांना माहीत, म्हणून तेच माझं कच्चं वाण. तिसरं एचएमटी, कारण आपल्या झाडीपट्टीत बारीक धान म्हटलं की हेच. चौथं महामाया, छत्तीसगडचं, रायपूरच्या कृषी विद्यापीठाने 1995 च्या सुमारास काढलेलं, माझी सासुरवाडी डोंगरगडकडे आहे अन् साळ्याने गाद सोसतं म्हणून दोन पायल्या दिले. पाचवं साकोली केंद्रातून विचारून आणलेलं.

प्रत्येक वाणाच्या गुंठ्यागुंठ्याच्या दोन पट्ट्या, एक पट्टी बांधीच्या तलावाकडल्या अंगाला अन् एक पलीकडे, चिठ्ठ्या टाकून जागा ठरवली. ह्या दोन पट्ट्यांचं महत्त्व पुढे सांगतो. पऱ्हे, म्हणजे रोपं, सगळ्यांचे एकाच दिवशी टाकले, तीन टक्के मिठाच्या पाण्यात पोचट दाणे वर काढून, अन् रोवणा मुद्दाम जुलैच्या शेवटी केला. रोवणेकरी बाया विचारत होत्या एवढ्याशा बांधीत पाच जातीच्या पेंड्या कशाला, मिसळून जातील, म्हणून प्रत्येक पट्टीच्या टोकाला तुराटी रोवून वेगळ्या रंगाची चिंधी बांधली, थैलीला लाल, जयाला पांढरी. धुऱ्यावर मोटारीच्या खोलीचा बल्ब रात्री चालू ठेवला. औषध एक दाणा नाही. खत सगळ्यांना सारखं.

राखीच्या आसपास झड लागली आणि पोळा येईपर्यंत पोंगे दिसायला लागले.

मोजणी अशी केली. प्रत्येक पट्टीतून वीस चुडी, म्हणजे एका जागी रोवलेल्या धानाचे झुबके, आडव्यातिडव्या जाऊन, धुऱ्याजवळच्या सोडून. प्रत्येक चुडीचे सगळे फुटवे मोजायचे अन् त्यातले पोंगे मोजायचे. मी वाकून मोजत होतो अन् धाकटी पोरगी, नववीत आहे, धुऱ्यावर छत्री घेऊन वहीत लिहीत होती. एका चुडीला दहा-अकरा फुटवे, दोन पट्ट्यांच्या मिळून चाळीस चुडी, पाच वाणं, म्हणजे दोन हजार फुटवे. पूर्ण दिवस गेला. पाठ गेली पण आकडा हातात आला.

रोवणीनंतर एका महिन्याचा हिशोब, वहीतून जसाच्या तसा : जया, 418 फुटवे, 92 पोंगे, म्हणजे 22 टक्के. एचएमटी, 447 मधे 64, 14 टक्के. महामाया, 392 मधे 29, साडेसातच्या आत. केंद्राचं वाण, 401 मधे 3, एक टक्का पण नाही. अन् थैली, जिच्यावर लाल अक्षरात लिहिलेलं आहे, 409 मधे 75. अठरा टक्के.

मी पोरीला म्हटलं परत बेरीज कर. तिने परत केली. तेवढेच आले.

शास्त्रज्ञ लोक ह्याला 0 ते 9 गुण देतात, एक टक्क्याच्या आत पोंगे असले तर 1, पाचपर्यंत 3, दहापर्यंत 5, पंचवीसपर्यंत 7 अन् त्याच्यावर 9. जेवढा गुण कमी तेवढं वाण चांगलं. त्या हिशोबाने केंद्राच्या वाणाला 1, महामायाला 5, अन् जया, एचएमटी, थैली तिघांनाही 7. म्हणजे तीनशे रुपये जास्त देऊन घेतलेली थैली अन् जिला गाद लागणार हे आधीच माहीत आहे ती जया, दोघी एकाच वर्गात. पन्नास दिवसांनी परत मोजलं तर जया 27 टक्क्यांवर जाऊन 9 गुणात गेली, थैली 21 टक्के, महामाया 9 टक्के, केंद्राचं वाण एक टक्क्याच्या खालीच.

आता दोन पट्ट्यांचं सांगतो. थैलीची एक पट्टी बल्बाच्या बाजूला आली होती, तिथे 24 टक्के पोंगे होते अन् पलीकडल्या पट्टीत साडेबारा. एकच वाण, एकच बांधी, अन् अर्ध्या-अर्ध्याचा फरक. मी एकच पट्टी लावली असती तर नशिबाने जो आकडा आला असता तोच खरा मानून गावभर सांगत फिरलो असतो. म्हणून कोणी करून पाहणार असाल तर एका पट्टीवर थांबू नका, दोन तरी लावाच, तीन लावल्या तर अजून बरं.

महामायाबद्दल लोक विचारतील की छत्तीसगडात एवढं नाव आहे अन् तुझ्याकडे साडेसात टक्के कसे. मी पण केंद्रात हेच विचारलं. उत्तर असं की गादमाशी दिसायला एक असली तरी तिचे प्रकार आहेत, बायोटाइप म्हणतात, भारतात सात धरलेत. रायपूरकडची माशी पहिल्या प्रकारात बसते अन् आपल्या भंडाऱ्याकडची चौथ्या. एका वाणात एका माशीसाठी ताकद असते, दुसऱ्या माशीसाठी नसते. आंध्रात फाल्गुना नावाचं वाण होतं, गादीसाठीच काढलेलं, लोकांनी सगळीकडे तेच लावलं, अन् 1980 च्या दशकात श्रीकाकुळमकडे त्यालाच गाद लागायला लागली, कारण त्या वाणात जगू शकणारी माशी तेवढी उरली अन् वाढली. तर महामाया खोटं नाही, माझ्या साळ्याच्या बांधीत ते चांगलंच चालतं, मी स्वतः पाहून आलो. माझ्या बांधीत पण जयाच्या तिसऱ्या हिश्श्यावर गाद थांबली, हे काही कमी नाही. पण "प्रतिकारक" हा शब्द कुठल्या माशीला, कुठल्या गावात, हे विचारल्याशिवाय अर्धाच आहे. थैलीवर गावाचं नाव कुठे लिहिलेलं असतं?

पोंगे मोजताना एक गोष्ट हमखास चुकते ती सांगून ठेवतो. खोडकिडीने पण पोंगा मरतो. गावातल्या एका काकांनी केंद्राच्या वाणाच्या पट्टीत येऊन मला वाळलेले पोंगे दाखवले की हे पाहा, ह्याला पण गाद आहे. मी त्यांच्यासमोर एक ओढला, सहज हातात आला, पिवळा-तपकिरी, वाळलेला, बुडाशी कुरतडलेला अन् कुजका वास. ही खोडकिडी. मग जयातला एक चंदेरी पोंगा ओढला, तो ताजा, पोकळ, दाबला की नळीसारखा चपटा होतो, बुड ब्लेडने उभं चिरलं तर आत लालसर कोष. काकांनी दोन्ही हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. गादीला प्रतिकारक असलेलं वाण खोडकिडीला प्रतिकारक असेलच असं नाही, दोन्ही वेगळ्या किडी आहेत अन् आपण दोन्हीला पोंगाच म्हणतो, त्यामुळे चांगल्या वाणाला पण उगाच बदनाम करतो अन् कंपन्यांना पण पळवाट मिळते, की हे आमच्यात येत नाही.

अन् एक गोष्ट जी पाहून मला फार बरं वाटलं. तोडलेले बिनभोकाचे पंधरा-वीस पोंगे मी काचेच्या बरणीत टाकून तोंडाला मलमलचं फडकं बांधून पडवीत ठेवले होते, माशी कशी निघते ते पोरीला दाखवायला. तीन दिवसांनी बरणीत लाल पोटाच्या माश्या पाच-सहाच होत्या, अन् त्यांच्याभोवती काळे काळे कण फिरत होते, मोहरीच्या चौथाईएवढे, पंख असलेले, कितीतरी. पोरगी म्हणाली बाबा हे काय. ह्या प्लॅटिगॅस्टर नावाच्या बारीक गांधीलमाश्या, गादमाशीच्या अंड्यात आपलं अंडं घालतात अन् एका अळीतून अशा कितीतरी निघतात. म्हणजे माझ्या बांधीत जेवढे पोंगे होते त्यातल्या बऱ्याच पोंग्यांतून गादमाशी निघालीच नाही, तिला खाऊन हे आपले राखणदार निघाले. मी औषध टाकलं नव्हतं म्हणून ते जिवंत होते. बरणी बांधीत नेऊन उघडली अन् त्यांना सोडून दिलं. जे लोक पोंगा दिसला की फवारा मारतात त्यांनी आधी एक बरणी भरून पाहावी, एवढीच विनंती.

थैलीचं बाकी सांगायचं तर उगवण चांगली होती, शंभर दाण्यांतले एक्याण्णव उगवले, भेसळ जवळपास नाही, कापणीला सारखं आलं, दाणा पण वाईट नाही. टॅगवर जे लिहिलं ते खरं निघालं. थैलीवर जे छापलं ते खरं निघालं नाही. बियाणं म्हणून पाचपैकी तीन देईन, गादीसाठी म्हणून एक पण देववत नाही. साध्या बियाण्याच्या भावात अन् त्या लाल अक्षरांशिवाय विकलं असतं तर मला काही तक्रार नसती, जुलैच्या पहिल्या आठवड्यात रोवणा होत असेल तर कोणी लावावं.

एचएमटीला चौदा टक्के लागली तरी मी ते सोडणार नाही, हे पण खरं सांगतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी 1983 मधे पटेल थ्री नावाच्या धानाच्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंबी जपून, दरवर्षी वेगळ्या लावून लावून हे वाण काढलं, घड्याळाचं नाव दिलं, अन् आज अर्धा विदर्भ तेच खातो. 2018 मधे ते गेले. दीडेक एकराचा माणूस, हातात डोळे अन् सबुरी सोडून काही नव्हतं. बांधीत पट्ट्या लावताना मला सारखी त्यांची आठवण येत होती. एचएमटी लवकर रोवायचं, तलावाच्या पाण्यावर, म्हणजे गाद टळते, अन् घरी खायला तेच ठेवायचं. सरकारी धान खरेदी केंद्रावर 2024-25 ला साध्या धानाला 2300 अन् अ ग्रेडला 2320 रुपये क्विंटल होते, बारीक पिकवण्याच्या मेहनतीला वीस रुपयाचा फरक, म्हणून बारीक विकायचं तर व्यापाऱ्यालाच, अन् खरेदी केंद्रावर द्यायला उशिराच्या रोवण्यात गाद सोसणारं जाड धान. माझं गणित आता असं आहे.

केंद्राच्या वाणाचा भात आईने रांधला, म्हणाली मोकळा होतो, एचएमटीची गोडी नाही पण जयापेक्षा चांगला. उतारा किती ते लिहित नाही, गुंठाभराच्या पट्टीवरून एकराचा उतारा सांगणं बरोबर नाही. अन् सगळे मला फोन करून विचारतात की त्या पाचव्या वाणाचा नंबर सांग. तो नंबर मी इथे मुद्दाम टाकत नाही. टाकला की उद्या कोणी गडचिरोलीहून, कोणी तुमसरहून तोच नंबर घेऊन दुकानात जाईल, तिथली माशी वेगळी असेल, जमीन वेगळी असेल, अन् 2023 ला माझ्या तोंडच्या शब्दाने जे झालं तेच परत होईल. साकोलीला जा, चंद्रपूरकडचे असाल तर सिंदेवाहीच्या केंद्रात जा, आपल्या गावाचं नाव सांगून विचारा, लोक नीट बोलतात, अन् आणलेलं बियाणं पहिल्या वर्षी दोन गुंठ्यातच लावा.

त्या चार घरांकडे मी वही घेऊन स्वतः गेलो. दोन घरांनी चहा पाजला, एक जण काही बोलले नाहीत, वही चाळून परत दिली. वहिनींकडे शेवटी गेलो. त्यांनी सगळे आकडे बोट लावून वाचले, जयाच्या ओळीवर थांबल्या, हे कशाला लावलं म्हणून विचारलं, मी सांगितलं. मृगाच्या आधी बियाणं न्यायला आल्या तेव्हा केंद्राच्या वाणाचे पाच पायल्या मोजून झाले, पिशवीचं तोंड बांधलं, अन् उठता उठता म्हणाल्या, "अन् एक पायली जया पण द्या जी भाऊजी, बाजूले लावाले."